ज्यूल व्हर्न आणि रुसलेले वाचक

विज्ञानकथांची एखादी लांबलचक मालिका मनापासून आवडणाऱ्या माणसाला गाठा आणि जुन्या भागांचा विषय काढा. त्याचे डोळे चमकतात. मग हळूच नव्या भागांबद्दल विचारा. लगेच तोंड कडू होतं. १९७७ साली सुरू झालेल्या 'स्टार वॉर्स'चे २०१५ ते २०१९ या काळात आलेले तीन चित्रपट घ्या. त्यांच्यावरून आमच्या कँटीनमध्ये इतकी भांडणं झालीत की चहा गार झाला तरी कुणाला भान नसायचं. पात्रं बिघडवली, जुन्या नायकाचा अपमान केला, हे आमचं नव्हेच, अशा तक्रारी. ऐकताना वाटतं, घरातल्याच कुणीतरी फसवलंय.

हे दुखणं आजचं नाही. विज्ञानकथेची पहिली मोठी मालिका ज्याने लिहिली, त्याच्याच हयातीत ते सुरू झालं होतं. तो माणूस म्हणजे ज्यूल व्हर्न. त्याचं चरित्र पुष्कळांनी लिहिलंय. मला ते एका रुसलेल्या वाचकाच्या बाजूने सांगायचं आहे, कारण त्याच्या एका पुस्तकावर मीही रुसलो आहे, आणि त्या रागाचं कारण थेट माझ्या गावाजवळून वाहतं.

मी खातेगावचा. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातलं, इंदूर-बैतूल रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. सोयाबीन, गहू आणि हरभरा ही इथली पिकं. जवळच नेमावरला नर्मदा. तिथे सिद्धनाथाचं जुनं देऊळ, आणि पलीकडच्या काठावर हंडिया. आमच्या घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, माळवी. मराठी पुस्तकं इंदूरहून येणाऱ्या नातेवाइकांच्या पिशवीतून यायची. त्यात भा. रा. भागवत हमखास असत. 'फास्टर फेणे'वाले भागवत. त्यांचा जन्म १९१० सालचा, इंदूरचा, त्यामुळे आमच्याकडे त्यांचं नाव आपल्या माणसासारखं घेतलं जाई. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'समुद्रसैतान', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही त्यांनी मराठीत आणलेली व्हर्नची पुस्तकं मी फाटेपर्यंत वाचली. म्हणजे व्हर्न माझ्याशी पहिल्यापासून मराठीतच बोलला. खरं तर त्याला मराठीत येऊन फार दिवस झाले. १९००च्या सुमारासच 'केरळ कोकिळ' मासिकाने त्याची चंद्रावरच्या सफरीची कादंबरी मराठी वाचकांपुढे ठेवली होती. व्हर्न तेव्हा जिवंत होता!

त्याचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८चा. फ्रान्समधल्या नांत या बंदराच्या गावी, लुआर नदीतल्या एका बेटावर. वडील वकील. घरासमोरून परदेशी जाणाऱ्या जहाजांची ये-जा. अकरा वर्षांचा असताना तो नात्यातल्या एका बहिणीसाठी पोवळ्यांची माळ आणायला म्हणून गुपचूप जहाजावर चढला आणि वडिलांनी पुढच्या बंदरावर त्याला पकडून आणलं, अशी एक गोष्ट त्याच्या घराण्यात सांगत. अभ्यासक आता ती खरी मानत नाहीत. पण बंदरावर वाढलेल्या पोराबद्दल अशी गोष्ट पसरावी, यात नवल नाही.

वडिलांची इच्छा होती की पोराने कायदा शिकून आपलं ऑफिस सांभाळावं. १८४८ साली तो त्यासाठी पॅरिसला गेला. परीक्षा दिल्या, पण मन रमलं नाटकात. थोरल्या आणि धाकट्या द्यूमाची ओळख झाली, १८५०मध्ये एक छोटं नाटक रंगमंचावर आलं. पुढे एका संगीत नाटकाच्या थिएटरात चिटणिसाचं काम मिळालं. वडिलांनी नांतचं ऑफिस देऊ केलं, ते याने नाकारलं. बी.ए.ला साहित्य घेतलेल्या आमच्यासारख्यांना घरचा तो संवाद कसा झाला असेल, हे वेगळं सांगायला नको. १८५७मध्ये ओनोरीन नावाच्या, दोन मुली असलेल्या विधवेशी त्याने लग्न केलं. संसार आला, तसा तो शेअर बाजारात दलाली करू लागला. पहाटे उठून लिहायचं आणि नंतर बाजारात जायचं. १८६१ साली मुलगा झाला. त्याचं नाव मिशेल. हे नाव लक्षात ठेवा, तो पुढे या कथेत फार मोठं काम करणार आहे.

पस्तिशी गाठेपर्यंत व्हर्नला जग ओळखत नव्हतं. मग त्याला पिएर-ज्यूल एत्झेल हा प्रकाशक भेटला. बलूनमधून आफ्रिका ओलांडणाऱ्या तिघांची कादंबरी, 'बलूनमधून पाच आठवडे', एत्झेलने जानेवारी १८६३ला छापली. पुस्तक धडाक्यात खपलं. एत्झेल पक्का माणूस होता. घरातल्या सगळ्यांनी वाचावं असं एक मासिक त्याने १८६४मध्ये सुरू केलं आणि व्हर्नशी करार केला. दर वर्षी ठरावीक खंड द्यायचे, ते आधी मासिकात क्रमशः येणार, मग पुस्तक, मग नाताळच्या भेटीसाठी चित्रांची लाल-सोनेरी आवृत्ती. १८६६पासून या सगळ्याला एकच नाव मिळालं, 'अद्भुत प्रवास'. जगातलं सगळं ज्ञान, म्हणजे भूगोल, भूगर्भ, खगोल, गोष्टींतून वाचकापर्यंत न्यायचं, अशी ती प्रतिज्ञा होती.

पुढची दहा-बारा वर्षं म्हणजे व्हर्नचा सुवर्णकाळ. पृथ्वीच्या पोटातला प्रवास १८६४ला, पृथ्वीवरून चंद्राकडे १८६५ला, समुद्राखालची वीस हजार कोस सफर १८६९-७०ला, ऐंशी दिवसांत जगाची फेरी १८७२-७३ला, 'रहस्यमय बेट' १८७४-७५ला. ऐंशी दिवसांची गोष्ट वर्तमानपत्रात क्रमशः येत होती. तिच्या प्रती त्याच्या हयातीतच एक लाखाच्या वर गेल्या. दर पंधरवड्याला मासिकाची वाट पाहणारी पोरं, तीच पोरं मोठी होऊन आपल्या मुलांसाठी घेतलेली लाल पुस्तकं. आपण ज्याला आज चाहतावर्ग म्हणतो, तो असा तयार झाला.

या यशामागे एत्झेलची कात्री होती, हे वाचकांना ठाऊक नव्हतं. उत्तर ध्रुवावरच्या कादंबरीत कॅप्टन हातेरास शेवटी ज्वालामुखीत उडी घेऊन मरतो, असं व्हर्नने लिहिलं होतं. एत्झेलने शेवट बदलायला लावला, हातेरास वेडा होऊन घरी परततो. कॅप्टन नेमोचं तर आणखीच झालं. व्हर्नच्या मनातला नेमो हा पोलंडचा सरदार होता, रशियनांनी ज्याचं कुटुंब मारलं असा. रशियात पुस्तकं खपत होती, बंदी आली तर? एत्झेलला ते चालेना. त्याने गुलामांच्या व्यापाऱ्यांना नेमोचे शत्रू करायचं सुचवलं, ते व्हर्नला चालेना. शेवटी नेमो कोण, कुठला, कुणाचा सूड घेतोय, हे काहीच न सांगता पुस्तक संपलं.

आणि मग, पाच वर्षांनी, 'रहस्यमय बेट'च्या शेवटी पडदा उघडला. नेमो हा हिंदुस्थानी निघाला. बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानाच्या नात्यातला, युरोपात शिकलेला राजपुत्र डक्कार. १८५७च्या उठावात तो लढला, बायकापोरं गमावली, आणि उरलेल्या माणसांना घेऊन समुद्राखाली गेला. आपल्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट! जगातल्या विज्ञानकथेचा सर्वांत प्रसिद्ध वैज्ञानिक नायक हा सत्तावनचा बंडखोर आहे. त्या काळच्या चौकस वाचकांना मात्र इथे एक खडा लागला. दोन पुस्तकांमधल्या तारखांचा मेळ बसत नाही. पाणबुडीची सफर १८६६ ते १८६८ची, आणि बेटावरची माणसं नेमोला १८६८मध्ये भेटतात, तेव्हा तो म्हातारा आणि कित्येक वर्षांचा एकटा. आजच्या चाहत्यांनी यावर रात्रभर वाद घातला असता. आणखी एक गंमत बघा. 'रहस्यमय बेट'चं इंग्रजी भाषांतर झालं, तेव्हा मरणापूर्वी नेमो इंग्रजी राज्याबद्दल जे बोलतो त्याची धार काढून टाकली गेली. आपल्याकडच्या इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनी वाचला तो हा बोथट नेमो.

आता माझ्या रागाचं पुस्तक. १८८० साली आलं, 'बाष्पगृह'. कल्पना एकदम झकास आहे. इंजिनिअर बँक्सने वाफेवर चालणारा पोलादी हत्ती बनवलाय. तो दोन चाकांची घरं ओढत कलकत्त्याहून काशी, अलाहाबाद, कानपूर करत हिमालयाकडे निघतो आणि मग मध्य हिंदुस्थानात उतरतो. रेल्वे नाही, रूळ नाही, घरच रस्त्याने चाललंय. मी हे पुस्तक इंग्रजीत मिळवलं तेव्हा अधाशासारखा उघडून बसलो. पहिलंच प्रकरण औरंगाबादचं! साल १८६७. भिंतीवर सरकारी जाहीरनामा लागलाय, जिवंत किंवा मेलेल्या नानासाहेबाला पकडून देणाऱ्यास दोन हजार पौंड. बिठूरचे नानासाहेब पेशवे. पुढे सातपुडा येतो, विंध्य येतो, नर्मदेचं खोरं येतं. त्या खोऱ्यात एक वेडी बाई हातात मशाल घेऊन भटकते, लोक तिला चालती ज्योत म्हणतात. आमची नर्मदा व्हर्नच्या पुस्तकात!

पण पानं उलटत गेली तसा माझा उत्साह उतरला. नानासाहेब इथे निव्वळ खलनायक. सूडाशिवाय दुसरा विचार नसलेला, गुहांतून लपतछपत फिरणारा. कथेचा नायक आहे कर्नल मन्रो, कानपूरमध्ये बायको गेली म्हणून त्यांच्या मागावर असलेला इंग्रज अधिकारी. शेवटी नानासाहेबांना त्या पोलादी हत्तीच्या मानेला बांधतात आणि बॉयलर फुटून हत्तीच्या चिंधड्या उडतात. व्हर्नवर अन्याय नको, म्हणून हेही सांगतो की एका प्रकरणात तो उठावाची हकीगत देताना इंग्रजांनी घेतलेल्या सूडाचाही हिशेब मांडतो, एवढं त्याने टाळलेलं नाही. पण ज्याने पाचच वर्षांपूर्वी सत्तावनच्या बंडखोराला नेमो केलं, त्याला नानासाहेबांत माणूस दिसू नये? खरे नानासाहेब १८५९मध्ये नेपाळच्या तराईत गेले आणि पुढे त्यांचं काय झालं हे कुणालाच नीट कळलं नाही. अशा माणसाची गोष्ट नेमोच्या लेखकाने कशी लिहायला हवी होती, हे माझ्या मनात तयार होतं. ती तशी आली नाही, म्हणून मी रुसलो.

व्हर्न स्वतः हिंदुस्थानात कधीच आला नाही. प्रवासवर्णनं, नकाशे, वर्तमानपत्रांची कात्रणं आणि आपली हजारो टिपणं यांवरून तो देश उभे करत असे. पण त्याच्या घरातलं एक माणूस इकडे निघालं होतं. मुलगा मिशेल. पोरगा हाताबाहेर गेलेला, कर्ज करणारा, कुणाचं न ऐकणारा. बापाने त्याला आधी सुधारगृहात ठेवलं, आणि मग १८७८ साली, सोळा वर्षांच्या मिशेलला हिंदुस्थानकडे जाणाऱ्या जहाजावर शिकाऊ म्हणून चढवून दिलं. त्यानंतर दोन वर्षांच्या आत 'बाष्पगृह' आलं. आपला मुलगा ज्या देशाकडे गेला, त्या देशाचा नकाशा टेबलावर पसरून बाप कादंबरी लिहीत होता. हे कळल्यावर पुस्तक चांगलं झालं असं नाही, पण ते लिहिणारा माणूस मला दिसू लागला.

१८७१पासून व्हर्न बायकोच्या गावी, आमियाँला राहात होता. पहाटे पाचला उठून अकरापर्यंत एका छोट्या खोलीत लिहायचं, दुपारी वाचनालयात जाऊन नियतकालिकं चाळायची, उन्हाळ्यात स्वतःच्या बोटीतून समुद्रावर जायचं. बोटीचं नावही मुलाचंच, 'सेंट मिशेल'. मग १८८६ साल उजाडलं. ९ मार्चला त्याचा पुतण्या गास्तों याने, मन ताळ्यावर नसताना, त्याच्यावर पिस्तूल झाडलं. गोळी पायात शिरली ती कायमची, आणि जन्मभराचं लंगडणं आलं. आठवडाभरातच एत्झेल वारला. पुढच्या वर्षी आई गेली. बोट विकली होतीच. मधुमेह आणि डोळ्यांत मोतीबिंदू हे नंतर आले. १८८८मध्ये तो आमियाँच्या नगरपालिकेवर निवडून आला आणि पुढे पंधराएक वर्षं शाळा, थिएटर, जत्रा यांची कामं मन लावून करत राहिला. फ्रेंच अकादमीने मात्र त्याला कधी आत घेतलं नाही. पोराबाळांचा लेखक म्हणून शिक्का बसला तो बसलाच.

लिहिणं थांबलं नव्हतं. वर्षाला खंड येतच होते. पण वाचक पातळ होत चालले. जिथे पूर्वी पन्नास हजार, लाख प्रती जात, तिथे नवीन पुस्तक काही हजारांवर अडकू लागलं. जुन्या मालिकांचे पुढचे भाग आले, ते तर चाहत्यांची परीक्षा पाहणारे. चंद्रावर तोफगोळा सोडणाऱ्या बाल्टिमोरच्या तोफ-क्लबला घेऊन त्याने १८८९मध्ये तिसरी कादंबरी लिहिली. त्यात हेच लाडके नायक उत्तर ध्रुवाखालचा कोळसा काढण्यासाठी पृथ्वीचा आसच सरळ करायला निघतात. किनारे बुडोत, शहरं वर उचलली जावोत, यांना पर्वा नाही. बेत फसतो तो का, तर गणितात तीन शून्यं गळाली म्हणून! ज्या मंडळींवर वाचकांनी जीव लावला, ती आता हास्यास्पद आणि धोकादायक झाली होती. १८८६च्या कादंबरीतला विमानवीर रोब्युर १९०४मध्ये 'जगाचा स्वामी' होऊन परतला. या वेळी तो साऱ्या मानवजातीला तुच्छ मानणारा माथेफिरू, विजेच्या लोळात कोसळणारा.

तक्रार साहजिक होती. आमचा आशावादी व्हर्न कुठे गेला? पायाला गोळी लागली, प्रकाशक मेला, म्हातारा कडवट झाला, असं स्पष्टीकरण बरीच वर्षं चाललं. मलाही ते पटण्यासारखं वाटलं असतं, पण १९९४ साली एक पुस्तक बाहेर आलं. व्हर्नच्या पणतूला घरच्या जुन्या तिजोरीत एक हस्तलिखित सापडलं होतं, 'विसाव्या शतकातलं पॅरिस'. लिहिलेलं १८६३च्या सुमारास, म्हणजे पहिल्या यशाच्या वेळीच. त्यात १९६०चं पॅरिस आहे. विजेचे दिवे आहेत, वेगवान गाड्या आहेत, सगळीकडे यंत्रं आणि पैसा आहे. आणि लॅटिन कवितेचं बक्षीस मिळवणारा एक तरुण आहे, ज्याच्या विद्येवर सारे हसतात. त्याला काम नाही, भाकरी नाही, शेवटी तो थंडीत, बर्फात, कोसळतो. एत्झेलने हे हस्तलिखित परत केलं होतं. यावर कुणी विश्वास ठेवणार नाही आणि तुमचं नाव खराब होईल, असा त्याचा सल्ला होता. व्हर्नने ते ठेवून दिलं.

आता हिशेब उलटा मांडून बघा. व्हर्न म्हातारपणी काळवंडला नव्हता, तो काळोख पहिल्यापासून त्याच्यात होता. हसरा, विज्ञानावर भाबडा विश्वास ठेवणारा व्हर्न हा निम्मा एत्झेलच्या कात्रीने कापून तयार केलेला. एत्झेल गेल्यावर तो कपडा थोडा उसवला, एवढंच. चाहते ज्या खऱ्या व्हर्नसाठी रडत होते, त्याच्यात दुसऱ्याच कुणाचा हात होता. मालिकेचा मूळ आत्मा म्हणून आपण ज्याला कवटाळतो, तो पुष्कळदा असाच दोघातिघांच्या ओढाताणीतून घडलेला असतो.

२४ मार्च १९०५ला व्हर्न आमियाँला वारला. थडग्यावर नंतर एक शिल्प बसवलं गेलं, शिळा फोडून आभाळाकडे हात करत बाहेर येणाऱ्या माणसाचं. पण मालिका संपली नाही. टेबलाच्या खणात लिहून तयार असलेल्या कादंबऱ्या होत्या, त्या एकामागून एक येत राहिल्या, १९१९पर्यंत. दीपगृहाची, सोन्याच्या ज्वालामुखीची, सोन्याच्या उल्केची, डॅन्यूबच्या नाविकाची. मुलगा मिशेल आता सुधारलेला, चाळिशी ओलांडलेला गृहस्थ होता. त्यानेच त्या प्रकाशकाकडे दिल्या. वाचकांपैकी काहींना वाटलं, म्हाताऱ्याने शेवटी बरं लिहिलं. काहींना वाटलं, सूर लागत नाही.

सत्तर वर्षांनी, १९७८च्या सुमारास, पिएरो गोंदोलो देल्ला रिवा या इटालियन अभ्यासकाने मूळ प्रतींवरून दाखवून दिलं की त्या कादंबऱ्या मिशेलने पार बदलल्या होत्या. नवी पात्रं घातली, प्रकरणं वाढवली, शेवट फिरवले. काही पुस्तकं तर बहुतांशी त्याचीच. एकच उदाहरण देतो. विल्हेल्म स्टोरित्झ नावाच्या माणसाकडे अदृश्य करण्याचं रसायन आहे, आणि तो सूडापोटी एका नववधूला अदृश्य करतो. बापाने लिहिलं होतं की ती शेवटपर्यंत अदृश्यच राहते. नवऱ्याला तिचा आवाज तेवढा मिळतो, तो त्यावर संसार करतो. मुलाने काळ मागे, अठराव्या शतकात नेला, आणि बाळंतपणानंतर ती पुन्हा दिसू लागते असा गोड शेवट केला. मूळ पुस्तकं १९८५पासून छापली गेली. दोन्ही शेवट कळल्यावर मला बापाचा आवडला. पण मुलाचाही राग येत नाही. ज्याला बापाने सोळाव्या वर्षी जहाजावर चढवून दिलं, त्याला कुणीतरी हरवलेलं माणूस पुन्हा दिसावं असं वाटलं असेल, तर आपण काय बोलणार?

वाचकांचा राग मात्र सत्तर वर्षं चुकीच्या पत्त्यावर जात होता. ते बापावर रुसत होते, आणि लिहिणारा मुलगा होता.

आता शेवटची गोष्ट, मला सगळ्यांत मोलाची वाटलेली. व्हर्न स्वतः एक चाहता होता, आणि रुसलेला चाहता होता. तरुणपणी त्याला एडगर अॅलन पो फार आवडे. १८३८ साली आलेली पोची एक कादंबरी दक्षिण ध्रुवाजवळ, धुक्यात, अर्ध्यावर तुटते. १८६४मध्ये पोवर लेख लिहिताना व्हर्नला ती अपुरी जागा टोचत होती. त्याने तेहतीस वर्षं ती मनात ठेवली, आणि १८९७मध्ये, साठीच्या पुढे, लंगडत, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी, त्या गोष्टीचा पुढचा भाग स्वतः लिहिला. तसंच लहानपणी पारायणं केलेल्या स्विस रॉबिन्सन कुटुंबाच्या कथेचं. ती जिथे संपली तिथून पुढे त्याने १९००मध्ये एक अख्खी कादंबरी लिहिली. ही पुस्तकं फार खपली नाहीत. पोच्या भक्तांना पोची गूढ जागा अशी उलगडून ठेवलेली आवडली नाही, हेही खरं. म्हणजे ज्याच्या नव्या भागांवर लोक नाराज होते, तो स्वतः दुसऱ्यांच्या कथांचे नवे भाग लिहून आणखी लोकांना नाराज करत होता! पण त्याची नाराजी तक्रारीवर थांबली नाही. तेहतीस वर्षांनी का होईना, तिची कादंबरी झाली.

आपल्या वाङ्मय मंडळात विज्ञानकथा वाचणारे पुष्कळ आहेत, लिहिणारे कमी. म्हणून हे सांगावंसं वाटलं. मालिका बिघडली की बोलायचा हक्क वाचकाला आहेच. ज्याने पहिल्या भागांवर जीव लावला, त्यालाच तो असतो. मीही 'बाष्पगृह'बद्दल बोलणं सोडणार नाही. पण त्या पुस्तकाने एक जागा रिकामी ठेवलीय. १८६७ साल आहे, नर्मदेचं खोरं आहे, विंध्याच्या जंगलातून वाफ सोडत एक पोलादी हत्ती येतोय, आणि नेपाळात हरवलेला एक पेशवा कुठेतरी त्याच्याकडे बघतोय. ही गोष्ट एका फ्रेंच माणसाने, इथे पाऊल न ठेवता, चुकीच्या बाजूने लिहिली. हंडिया, नेमावर, महेश्वर, जबलपूर ही नावं ज्यांच्या घरात रोज घेतली जातात, अशा कुणी ती मराठीत लिहायला काय हरकत आहे? व्हर्नने पोसाठी केलं, ते आपल्यापैकी कुणी व्हर्नसाठी करावं. ते जमेल की फसेल, हे वाचक ठरवतील. आवडलं नाही तर रुसतील. रुसू देत की.